त्यांना तंजावूर दाखवलं तो दिवस

मला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांतून बहुतेकांचं असंच असतं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी. देवनागरी अक्षरं मी चौतिसाव्या वर्षी शिकले, आणि तीही एका माणसाचे मेसेज वाचता यावेत म्हणून.

तो पुण्याचा. लग्नं जुळवणाऱ्या एका साइटवर चुलत बहिणीनं माझं नाव घातलं होतं, तिथं ओळख झाली. माझं वय वाढलेलं, आमच्यातली घरं मोजकी, आणि घरी मी आणि अप्पा दोघंच. आई गेल्यावर अप्पांचा काचबिंदू वाढला आणि नजर हळूहळू गेलीच. समोर भिंत आहे की माणूस, एवढं कळायचं. त्याच्या घरी तो आणि त्याची आई. एकदा लग्न होऊन मोडलं होतं, ते त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

त्याचा पहिला मेसेज आला तेव्हा मी इंग्रजीत कळवलं, मला ही अक्षरं वाचता येत नाहीत. त्यानं थट्टा केली नाही. तोच मजकूर बोलून पाठवला. मग रोज तसंच. आधी लिहिलेलं, त्याखाली बोललेलं. मी ऐकत ऐकत अक्षरांवरून बोट फिरवायची. काही महिन्यांनी मला त्याच्या आवाजाशिवायही वाचता यायला लागलं. ते मी त्याला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आवाज येणं बंद झालं असतं.

एक गोष्ट मात्र मी सुरुवातीलाच स्पष्ट केली होती. मी जिथे जाईन तिथे अप्पा माझ्याबरोबर असतील. त्यानं लिहिलं, "हो गं, सगळं होईल." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. मला त्यात हो दिसला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तो आणि त्याची आई आम्हाला भेटायला आले. चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरायचं, दिवसभर तंजावूर बघायचं, थोडी खरेदी करायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, असं ठरलं होतं. "बघण्याचा कार्यक्रम नको," त्यानं आधीच म्हटलं होतं. "तू आम्हाला गाव दाखव. त्यातच सगळं बघून होईल."

अप्पांनी आदल्या दिवशीच धोतराला इस्त्री करवून घेतली. मी म्हटलं, "ऊन लागेल, तुम्ही घरी बैसा." ते म्हणाले, "माझं गाव दाखवायचं, आणि मी घरी बैसू?"

त्याची आई ठेंगणी, गोरी, कपाळावर बारीक टिकली लावणारी बाई. मी वाकून नमस्कार केला आणि "या मामी" म्हटलं. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला मामीच म्हणतात. त्या हसल्या. "अगं, मामी म्हणजे आमच्यात मामाची बायको. पण असू दे. ऐकायला बरं वाटतं." आणि तो अप्पांच्या पाया पडला, उठताना त्यांचा हात धरला, तो हात त्यानं दुपारपर्यंत सोडला नाही.

आम्ही आधी मोठ्या देवळात गेलो. दगड तापायच्या आत जायला हवं होतं. नंदीपाशी फोटो झाले. मामींनी मान मागे टाकून शिखर पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं वर कसं नेलं असेल गं?" मी शाळेत पाठ केलेलं सगळं सांगितलं. तो मात्र अप्पांच्या चालीनं चालत मागं राहिला होता. "इथे तीन पायऱ्या, अप्पा. आता सपाट." तो त्यांना काका म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं पहिल्या तासातच अप्पा म्हणायला सुरुवात केली.

ओवरीच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाची हकीगत कोरलेली आहे, देवनागरी अक्षरांत, भिंतभर. अप्पा लहानपणापासून ती भिंत पाहत आलेले. डोळे होते तेव्हा वाचता येत नव्हतं, आता तर डोळेच नव्हते. त्यांनी त्याला पुसलं, "तुम्हाला वाचता येतें की?"

"प्रयत्न करतो."

तो अडखळत वाचायला लागला. अक्षरं जुन्या वळणाची, शब्द एकमेकांना चिकटलेले. एखाद्या ठिकाणी थांबायचा, मागं यायचा, पुन्हा जुळवायचा. अप्पांनी पंजा भिंतीला लावला होता. तो जसा पुढे सरके तसा त्यांचा हात पुढे सरकायचा. मलाही आता ती अक्षरं थोडीफार लागत होती, एका ठिकाणी तो चुकला तेही मला कळलं. मी बोलले नाही.

"हें आमचेंच बोलणें," अप्पा म्हणाले. "मी असेंच बोलतों."

"हो," तो म्हणाला. "तुमचं ऐकलं म्हणून तर मला हे वाचता येतंय."

माझं लग्न त्या भिंतीपाशी ठरलं असं मी मनात धरलं. कुणी काही म्हटलं नव्हतं. तरी धरलं.

मग राजवाडा. दरबाराच्या दालनात रंगवलेले खांब, वर रंग उडालेलं छत. तो अप्पांना घेऊन पुढे गेला. अप्पा त्याला राजांच्या गोष्टी सांगत होते, अर्ध्या खऱ्या, अर्ध्या आमच्या आजोबांनी रचलेल्या. मामी आणि मी एका कट्ट्यावर बसलो. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला आधी दिली.

"याचे वडील पडले तेव्हा हा नववीत होता," त्या म्हणाल्या. "अर्धांग. मग ते उठलेच नाहीत. हा शिकला, नोकरीला लागला, तोवर मी एका माणसाला भरवत, पुसत, कूस बदलत होते. दाराबाहेर पडले नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नाला गेले नाही मी."

"तुम्ही फार केलं, मामी."

"केलं. आणि ते गेल्यावर मी रडले नाही. लोक काय म्हणाले असतील ते म्हणाले असतील. मला नुसती झोप आली." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "आता माझ्यानं परत नाही व्हायचं गं. अंगातच नाही राहिलं."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, सून होणार म्हणून मन मोकळं करताहेत. त्या मला काय सांगत होत्या ते मला त्या वेळी कळलं नाही. त्यांनाही वाटलं असेल की सांगून झालं.

जेवायला केळीच्या पानावरचं साधं जेवण घेतलं. तो पानात अप्पांच्या पुढे काय कुठे आहे ते त्यांची बोटं धरून दाखवत होता. "इथे कोशिंबीर. इथे पापड, म्हणजे तुमचं अप्पळम्." वाढणाऱ्या माणसानं मला तमिळमध्ये विचारलं, "जावई का?" मी मान हलवली, हो की नाही ते त्याला कळणार नाही अशी.

दुपारी खरेदीला निघालो. मामींनी पुण्याहूनच ठरवून आणलं होतं. मान डोलावणाऱ्या बाहुल्या शेजारणींसाठी, पितळेच्या दोन समया, आणि रेशमी साड्या. "तुमच्याकडे स्वस्त मिळतात म्हणे."

"स्वस्त कुणी देत नाही, मामी. घ्यावं लागतं," मी म्हटलं. त्या खूश झाल्या.

बाहुल्यांच्या दुकानात मी रंगात आले. दुकानदारानं पाहुणे बघून किंमत चढवली होती. मी एकेका बाहुलीची मान हलवून बघितली, एकीची कंबर तिरकी बसवलेली होती ती बाजूला काढली, दुसरीच्या गालावरचा रंग नखानं खरवडून दाखवला. दुकानदार म्हणाला, अम्मा, तुमच्यासाठी म्हणून एवढं. मी पिशवी उचलून पायरी उतरले. त्यानं हाक मारली. निम्म्याच्या थोड्या वर सौदा झाला. माझ्यामागे पुण्याचा तो हसत उभा होता. "ही नोकरी करते की व्यापार, अप्पा?"

"तिची आई याहून करडी होती," अप्पा म्हणाले.

साडीच्या दुकानात गादीवर बसवलं, थंड पाणी दिलं. मामींनी बहिणीसाठी एक घेतली, स्वतःसाठी एक. मग म्हणाल्या, "आता एक तू निवड. तुला आवडेल अशी." दुकानातल्या माणसानं लगेच विचारलं, "कल्याणमा?" लग्नासाठी का, हे मामींना सांगावं लागलं नाही. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं. मी मान खाली घालून साड्या उलगडत होते. मला एक सापडली. पिकल्या जांभळाच्या रंगाची, काठ अगदी बारीक.

मामी म्हणाल्या, "तुम्ही दोघं जरा फुलं घेऊन या. मी आणि अप्पा इथे पंख्याखाली बसतो." माझ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, "बोल आता."

बाहेर कोपऱ्यावर कदंबम विकणारी बाई बसली होती. निरनिराळी फुलं, मरवा, दवणा एकत्र गुंफलेला तो हार आमच्या गावचा. तिच्यासमोर उभं राहून तो बोलला. तिला मराठी कळत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

"अप्पांचं बोलायचंय."

"बोल की."

"पुण्याच्या जवळ एक चांगली जागा आहे. ज्येष्ठांसाठी. मी तीन-चार बघितल्या, त्यातली ही बरी. बाग आहे. डॉक्टर रोज येतात. आपण दर रविवारी जाऊ, किंवा त्यांना घरी आणू. तिथे सगळे मराठी बोलणारे आहेत, त्यांना परकं वाटणार नाही."

त्यानं ते नीट तयारी करून आणलं होतं. फोनमध्ये खोलीचे फोटो होते. खिडकी, पलंग, भिंतीवर धरून चालायला दांडी. खरंच चांगली होती खोली.

"तू सगळं होईल म्हणाला होतास."

"हो. म्हणजे हेच. मी खरंच धडपड केली गं."

"घरी का नाही?"

त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "आईनं तुला तिचं सांगितलंय. ती नाही म्हणणार नाही. तू आणलंस तर ती त्यांचंही करेल. म्हणूनच मी आणू देऊ शकत नाही."

दरबारातला तो कट्टा मला तेव्हा आठवला, आणि बाटलीचं झाकण लावणारे त्यांचे हात. मी मामींवर रागावूही शकत नव्हते. त्याच्यावरही नाही. तो आपल्या आईसाठी जे करत होता तेच मी अप्पांसाठी करत होते.

"अप्पांचं मराठी तिथे कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. "तुला वाटतं ते परकं नाही. ते बोलतील आणि लोक हसतील. आमच्या बोलण्याला तुम्ही सकाळपासून दोनदा हसलात. प्रेमानं हसलात, ठाऊक आहे मला. रोज हसतील, मग ते बोलणं सोडून देतील."

"मग काय करायचं?"

"तू इकडे ये."

तो हसला नाही. "आईला घेऊन?"

फुलवाली विचारत होती, किती मुळं हवं. मुळं म्हणजे आमचं फुलांचं माप, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत. मी म्हटलं, दोन. तिनं भाव सांगितला. मी तो कमी करायला लागले. का ते मला आजही सांगता येणार नाही. माझा आवाज चढला. ती म्हातारी म्हणाली, "का गं पोरी, फुलांवर भांडतेस?" तेव्हा मी पैसे दिले.

"विचार कर," तो म्हणाला. "आत्ता उत्तर नको."

"उत्तर नाहीच," मी म्हटलं. "मी अप्पांना सोडून येणार नाही, नि तू आईला दुखवणार नाहीस. त्यात विचार काय करायचा?"

त्याचे डोळे भरले. भर रस्त्यात, रिक्षांच्या गर्दीत. मी त्याच्या बाहीला हात लावला. तेवढाच मी त्याला आपणहून लावलेला हात.

आत गेलो तर मामींनी जांभळी साडी बांधून घेतली होती. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या उठल्या. मला बाजूला घेतलं, पुडकं माझ्या हातात दिलं. "ही तुझीच. काही झालं तरी तुझी."

"नको, मामी."

"अगं, घे. नात्याचं राहू दे, नुसती घे."

"नेसायला जमणार नाही मला," मी म्हटलं. त्यांनी मग आग्रह केला नाही. साडी परत करायला त्या गेल्या नाहीत. पुण्याला घेऊन गेल्या. पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही.

गाडीला अजून बराच वेळ होता, आणि समया राहिल्या होत्या. घरी चला म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं, आणि समया नकोत म्हणायचं मामींमध्ये नव्हतं. म्हणून आम्ही पितळेच्या दुकानात गेलो. अप्पांना काहीच माहीत नव्हतं. ते खुशीत होते. "समई वाजवून बघा," ते मामींना सांगत होते. "जड असली म्हणजे चांगली असें नव्हें. नाद बघा." मामी बोटाच्या पेरानं टिचकी मारत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. अप्पांना ते दिसत नव्हतं. मी वजन करून घेतलं, घडणावळ कमी करून घेतली, खालची बैठक डुगडुगते म्हणून एक बदलून घेतली. दुकानदार म्हणाला, यांच्यापुढे आमचं काही चालत नाही. त्या दिवसातला सगळ्यात चांगला सौदा मी तिथे केला.

स्टेशनवर त्यानं अप्पांना पुन्हा नमस्कार केला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर, मग चेहऱ्यावर हात फिरवला. "जावून या," ते म्हणाले. आमच्यात कुणाला जा म्हणत नाहीत. मला तो म्हणाला, "लिहीन." मी म्हटलं, "आता बोलून पाठवू नकोस. मला वाचता येतं." त्याला ते तेव्हाच कळलं. तो काहीतरी म्हणणार होता, पण हमालानं समयांचं खोकं उचललं आणि त्याला मागं धावावं लागलं.

घरी येताना ऑटोत अप्पांनी पुसलं, "मुलगा बरा आहे. काय म्हणाले?"

"कळवतील म्हणाले."

"तुझा आवाज बसलाय."

"भाव करून करून."

ते हसले. बरेच दिवस ते वाट बघत होते. मी कचेरीतून आले की पाणी मागायच्या आधी पुसायचे, काही कळवलं का. मग पुसणं थांबलं. एका रविवारी मी त्यांच्या पायांची नखं काढत होते, तेव्हा म्हणाले, "तूच नको म्हणालीस."

"हो."

"माझ्यामुळे?"

"नाही. मला त्याचा स्वभाव नाही पटला."

अप्पांनी पाय आखडून घेतला. "डोळे नाहीत मला. कान आहेत. त्या पोराच्या आवाजात काही खोट नव्हती." मी उरलेली नखं काढते म्हटलं तर त्यांनी पाय दिला नाही. उठून, भिंत चाचपत आत गेले. त्यानंतर आमच्या घरात त्याचा विषय निघाला नाही. पण अप्पा माझ्याशी फार जपून बोलायला लागले. काही मागेनासे झाले. पाणी हवं असलं तर स्वतः उठायचे आणि भांडं पाडायचे. मी रागावले तर म्हणायचे, "तुला किती त्रास." मी ज्यांच्यासाठी राहिले होते ते माझ्या घरात पाहुण्यासारखे वागू लागले, ह्याचं मला जे दुःख झालं ते त्या रस्त्यावरच्या दुःखापेक्षा मोठं होतं.

त्याचे मेसेज काही आठवडे येत राहिले. नुसते लिहिलेले. मग कमी झाले. वर्षभरानं त्यानं लग्न करतोय असं कळवलं, आणि मी शुभेच्छा लिहिल्या, देवनागरीत, पहिल्यांदाच न चुकता.

त्याच्या पुढच्या वर्षी, ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात, अप्पांना न्यूमोनिया झाला. चार दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी शुद्ध होती तेव्हा त्यांनी माझा हात शोधला आणि म्हणाले, "तुझें मी नासविलें." मी म्हटलं, "असं बोलू नये, अप्पा." याहून काहीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही नसतात तर मला त्या भिंतीपाशी उभं राहता आलं नसतं, असं काहीतरी. शब्द जुळवेपर्यंत त्यांना झोप लागली.

तेरावा झाला. येणारे-जाणारे गेले. जाताना चुलत बहीण म्हणाली, "आता तू मोकळी. आता तरी स्वतःचं बघ." ती वाईट मनानं बोलली नाही. मी तिला बसस्टँडवर पोचवून परत आले तर फोन वाजत होता. त्याचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"आत्ता कळलं," तो म्हणाला. "आईनंही सांगायला सांगितलंय. ती रडते आहे."

"मामींना सांग, अप्पांना फार त्रास झाला नाही."

"तू कशी आहेस?"

"बरी आहे. सोमवारपासून कामावर जाते."

त्याच्या मागे एक तान्हं मूल कुरकुरत होतं. कुणी बाई त्याला खेळवत होती, तिचा आवाज ऐकू येत होता, चांगला, शांत आवाज. मला विचारावंसं वाटलं, मुलगा की मुलगी. विचारलं नाही.

"ठेवू?" तो म्हणाला.

"ठेव."

त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून होतो. शेवटी मूल मोठ्यानं रडायला लागलं आणि त्याला जावं लागलं.